एका ताग्यातले दोन कोट

सुऱ्या, गजा टेलरने आज पुन्हा विचारलं. "काका, तो खांदा उसवू की नको, एकदाचं सांगून टाका. लग्न तोंडावर आलंय." मी त्याला उद्या सांगतो म्हटलं आणि कोट हातावर टाकून घरी आलो. अशा बाबतीत तुला विचारल्याशिवाय मी आजवर काही ठरवलेलं नाही, आणि तू तर महिन्यापूर्वी निघून गेलास. म्हणून हे लिहायला बसलोय. कोट समोर खुर्चीच्या पाठीवर आहे. शुभा दोनदा डोकावून गेली. नवरा कोटाशी बोलतोय असं वाटून तिने चहाही न विचारता दार लोटून घेतलं.

तुझ्याविषयी बोलायचं ते सगळं बोलून झालंय. दहाव्याला, बाराव्याला येईल तो तुझं वय विचारत होता, मस्कतला किती वर्षं होतास विचारत होता, आणि कसं अचानक झालं ते विचारत होता. मी सांगत होतो. सकाळी बाजारातून मासे घेऊन आलास, पिशवी वहिनींच्या हातात दिलीस, पडवीत बसलास आणि पाणी मागितलंस, एवढंच. प्रत्येक वेळी सांगताना ते दुसऱ्या कुणाविषयी बोलल्यासारखं वाटत होतं. तुझ्या-माझ्यातलं जे आहे ते त्यातल्या कुणी विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगितलं नाही. कोटाचं भांडण कुणाला सांगणार? तेराव्याला आलेल्या माणसांना सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, हा दुःखाने भ्रमला.

मुळात चूक आपल्या घरच्या रीतीची. आठवतं ना, गणपतीला तुझे बाबा, म्हणजे आमचे मोठे काका, एकाच ताग्यातलं कापड आणायचे. तुला आणि मला एकसारखे शर्ट, एकसारख्या चड्ड्या. आपण चुलतभाऊ, तू काही महिन्यांनी मोठा, पण अंगाने असे सारखे की पाठमोरे दिसलो की आजूबाजूचे दोघांपैकी कुणालाही कुणाच्या नावाने हाक मारायचे. त्यामुळे शिंप्याकडे माप द्यायला दोघांनी जायची पद्धतच नव्हती. ज्याला सवड असेल त्याने जायचं आणि दोघांचं माप देऊन यायचं. शिंपी गळ्यातली टेप काढत विचारायचा, "दुसरा खंय हाय रे?" आपण सांगायचो, "तो माझ्याएवढाच हाय." संपला विषय. बहुतेक वेळा तूच जायचास, कारण तुला सवड नेहमी असायची आणि मला गणिताच्या वह्या पुऱ्या करायच्या असायच्या. तुझ्यासुद्धा मीच पुऱ्या करायचो, तेव्हा तो हिशेब बरोबरीतच सुटत होता.

ह्यात कधी चूक झाली नाही, कारण कपडे शिवायचेच एवढे ढगळ की त्यात आपण दोघे एकदम मावलो असतो. वाढत्या अंगाचे कपडे. तुझ्या शर्टाला माझी पाठ आणि माझ्या शर्टाला तुझी पाठ चालायची. पुढे कॉलेजात गेल्यावरही एकाची पँट दुसऱ्याने घातली तर कुणाला पत्ता लागत नसे. माझ्या लग्नातला सफारी तू तुझ्या मुंबईच्या इंटरव्ह्यूला घालून गेलास आणि त्याच सफारीत तुला मस्कतची नोकरी लागली, हे तू अख्ख्या आळीला सांगत असायचास. सफारी मात्र परत आणला नाहीस.

मस्कतला तू एसीच्या कामावर होतास. सुट्टीवर आलास की कुणीही विचारलं, "काय सुरेश, तिकडे ऊन फार असंल?" तर तू हसून म्हणायचास, "आमचं काय बाबा, आम्ही कायम एसीत." हे ऐकून आम्ही सगळे तुझ्यावर जळायचो. मी मिरजोळ्याला एमआयडीसीतल्या कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. वर पत्रा, एप्रिल-मे महिन्यात अंगातून धारा लागतात. मी मनात म्हणायचो, ह्या माणसाचं बरं आहे, जन्मभर गार हवेत बसला.

मग तुझ्या मानसीचं लग्न ठरलं आणि एका शुक्रवारी तुझा फोन आला. शुक्रवारी तुझी सुट्टी, म्हणून तुझे सगळे फोन शुक्रवारी दुपारी, माझ्या डुलकीच्या वेळेला.

"मध्या, दोन सूट शिवतोय. एक तुझा, एक माझा."

"मला सूट कशाला? स्टोअरमध्ये नटबोल्ट देताना घालू काय?"

"तिथं नको घालूस मेल्या. मानसीच्या रिसेप्शनला हॉलच्या दारात आपण दोघांनी उभं राहायचं. एकसारखे."

मी म्हटलं, मग इथे मारुती मंदिराकडे रेडिमेड छान मिळतात, आलास की दोघे जाऊ. त्यावर तू जे भाषण दिलंस ते अर्धा तास चाललं. माझी डुलकी गेली ती गेलीच. मोठ्या हॉटेलांत एसी दुरुस्त करायला जाता जाता तू सूटवाली माणसं फार बघितली होतीस. ज्याचा सूट चांगल्या हाताने शिवलेला असतो तो कोपऱ्यात उभा असला तरी कळतो, असं तुझं म्हणणं. विकतच्या कोटात आत कापड गोंदाने चिकटवलेलं असतं, आपल्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत त्याला फोड येतात. चांगल्या कोटात आत कॅनव्हास असतो, तो हाताने टाके घालून बसवलेला, आणि मग कोट अंगाची सवय करून घेतो. बाहीची बटणं नुसती शोभेला नसतात, त्यांना खरी काजं असतात, उघडून बाह्या वर सारता येतात. "आणि रेडिमेड म्हणजे काय," तू म्हणालास, "दुसऱ्याच्या मापात आपण राहायचं. आयुष्यात एकदा तरी आपल्या मापाचं काहीतरी अंगावर पडू दे की."

हे वाक्य तू बोललास आणि दुसऱ्याच क्षणाला मी म्हटलं, "मग मी गजाकडे जाऊन माप घेऊन पाठवतो."

"कशाला? तुझं माप माझ्या अंगावरच आहे. मला सवड आहे, मी देतो."

साठीला टेकलेली दोन माणसं आपण. आपल्यातल्या एकालाही ह्यात काही वावगं वाटलं नाही. शुभाने मागून म्हटलं, "अहो, भावोजींचं माप तुम्हाला कसं होईल?" तर मी तिला म्हटलं, "तू मध्ये बोलू नकोस, आमच्यात असंच असतं." बघ आता.

मस्कतच्या रुवी भागातले तुझे शिंपी, मास्टरजी, मी फोनवरच पाहिले. मूळचे हैदराबादचे, पांढरी दाढी, चष्मा कपाळावर. तू फोन कापडाच्या ताग्यांना टेकवून ठेवायचास आणि रत्नागिरीत आम्ही तुझ्या घरी जमायचो, वहिनी, मानसी, शुभा आणि मी. कापड निवडायलाच दोन शुक्रवार गेले. मला काळा हवा होता. तू म्हणालास, काळा सूट घालून दारात उभे राहिलो तर लोक आपल्याकडे पार्किंगची चौकशी करतील. मग गडद निळा ठरला. लोकर ऐकून वहिनी दचकल्या, "रत्नागिरीत लोकर? बुरशी येईल त्यांच्यावर." तू म्हणालास, ही उन्हाळी लोकर आहे, वीणच अशी की वारा आरपार जातो, आणि कापडाला तोंड लावून फुंकर मारून दाखवलीस. फुंकरीने पलीकडे धरलेला कागद हलला. वहिनींनी तो कागद तीन वेळा हलवायला लावला तेव्हा कुठे लोकर पास झाली.

पहिली ट्रायल मी मरेपर्यंत विसरणार नाही. तू अर्धवट कोटात उभा, सगळीकडे पांढरे कच्चे टाके, एक बाही आहे आणि एक नाही. मानसी म्हणाली, "बाबा, दुसरी बाही कुठाय?" तू म्हणालास, "ती काकाची." मास्टरजी खडूने रेघा मारत होते, टाचण्या तोंडात धरलेल्या. तुझी झाल्यावर तू दुसरा कच्चा कोट चढवलास आणि म्हणालास, "मास्टरजी, अब मैं मेरा भाई है."

आणि मग तू मी झालास. हात मागे बांधलेस, पोट थोडं पुढे, मान एका बाजूला कलती, स्टोअरमध्ये कुणी चिठ्ठीशिवाय सामान मागितलं की मी बघतो तसं बघायला लागलास. वहिनी हसून हसून ओट्याला टेकल्या. शुभा तर म्हणाली, "अगो बाई, हे तर आमचे हेच." मास्टरजींनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "भाई ऐसेच खड़े रहते क्या?" तू म्हणालास, "जनम से." माझा कोट मला नीट बसावा म्हणून तू मस्कतच्या त्या दुकानात माझ्यासारखा उभा राहिलास, सुऱ्या. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, एवढं बारीक लक्ष माझ्याकडे दुसऱ्या कुणी दिलं असेल?

त्याच ट्रायलला मास्टरजी तुझ्या पाठीमागे गेले, दोन्ही खांद्यांवर हात ठेवून थांबले आणि म्हणाले, "साब, आपका ये कंधा..." पुढचं आम्हाला ऐकू आलं नाही. तू एकदम पुढे होऊन फोन उचललास आणि भिंतीवरची कापडं दाखवायला लागलास. "हा बघ तपकिरी, हा बघ चौकडीचा, शुभावहिनी, तुम्हाला ब्लाउजपीस आणू काय?" तुझ्या स्वभावात असं अधेमधे उड्या मारणं होतंच. आम्ही कापडं बघत बसलो.

दिवाळीनंतर तू कायमचा परत आलास. सामान मागून जहाजाने येणार होतं, पण सूट तू हातातून सोडले नाहीस. विमानात मांडीवर, मग मडगावच्या गाडीत खिडकीच्या हुकाला टांगून, आणि शेजारच्याने त्याला डोकं टेकवू नये म्हणून स्वतः ताठ बसून. स्टेशनवर मी घ्यायला आलो तर तू आधी कव्हर माझ्या हातात दिलंस आणि मग मला मिठी मारलीस. "मास्टरजी काय म्हणाले माहीत आहे? म्हणे, साब, ये कोट आप नाना बने तक चलता." हे तू रिक्षात दोनदा सांगितलंस.

तुझ्याच हॉलमध्ये घातले आपण. तुझा तुझ्यावर असा बसला की वहिनींनी पुढे होऊन कॉलर उगाच दोनदा झटकली. मी तुला जन्मापासून बघतोय, पण तू देखणा आहेस हे मला त्या दिवशी कळलं. मग मी घातला. पोटाला बरोबर, पाठीला बरोबर, बाहीची लांबी अगदी हवी तेवढी. फक्त उजवा खांदा वर चढलेला, आणि कॉलरखाली एक तिरपी चुणी. मी हात हलवले, खाली केले, चुणी जागची हलेना. मानसी मागून म्हणाली, "काका, तुम्ही कुणाला तरी खांद्याने ढकलताय असं वाटतंय."

तू दोन पावलं मागे गेलास, डोळे बारीक केलेस आणि निकाल देऊन टाकलास. "कोट बरोबर आहे. तुझा खांदा वाकडा आहे."

"माझा खांदा सरळ आहे. तुझा वाकडा असेल."

"माझ्यावर बघ कसा बसलाय. कोट खोटं बोलतो काय?"

तिथून जे भांडण लागलं ते तू जाईपर्यंत चाललं, आणि खरं सांगायचं तर ते दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते. इतक्या वर्षांनी तू रोज हाताशी होतास. मी कामावरून परतताना तुझ्याकडे उतरायचो, वहिनी चहा टाकायच्या, आणि आपण खांद्यावर यायचो. एकदा तर तू तुझ्या हत्यारांच्या पेटीतून पाणसळ काढलीस, भिंतीची पातळी बघायची ती, आणि माझ्या मानेमागे दोन्ही खांद्यांवर आडवी धरलीस. "बघ, बुडबुडा कुठं पळतोय." मी आरशात बघितलं तर बुडबुडा मधोमध होता. मी म्हटलं, "आता तुझ्यावर धर." तू पाणसळ पेटीत टाकलीस, कडी लावलीस आणि आत ओरडलास, "चहा झाला काय गो?"

तेव्हा मी हसलो. तू हरलास म्हणून हसलो. तू का पेटी बंद केलीस हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तू गेल्यावर मस्कतहून बरेच फोन आले. त्यातला एक केरळचा कुणी, तुझ्या हाताखाली काम केलेला. तोडक्या हिंदीत बोलत होता आणि मध्ये मध्ये रडत होता. म्हणाला, सुरेशभाई सुपरवायझर झाले तरी गच्चीवरच्या कामाला आम्हाला एकटं पाठवायचे नाहीत. भर उन्हात शिडीने वर चढायचं, आणि गॅसचा सिलिंडर कायम ते स्वतःच्या खांद्यावर घ्यायचे. नवीन माणसाला म्हणायचे, तू शिडी धर. मी हो हो केलं आणि फोन वहिनींकडे दिला. आमचा सुरेश एसीत बसणारा. मला वाटलं, बिचारा भावनेच्या भरात वाढवून सांगतोय.

लग्नाचं काय करायचं ह्यावर घरात दोन मतं होती. मुलाकडची, गुहागरची माणसं चांगली निघाली. व्याही म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं, वर्षभर थांबायलाही आमची हरकत नाही. वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी हॉल सांगून ठेवलाय. ठरल्या दिवशीच होऊ दे. त्यांना सांगितलेली गोष्ट बदललेली खपायची नाही." कन्यादान मी आणि शुभा करणार. तेव्हा सोवळं नेसेन, ते सोपं आहे, त्याला खांदे नसतात. संध्याकाळच्या रिसेप्शनचं मात्र मी टाळत होतो. मी म्हटलं, साधा झब्बा घालतो. तर मानसी येऊन समोर बसली. तुला ठाऊक आहे ती रडत नाही, तुझ्यासारखी टोमणे मारते. म्हणाली, "काका, कोट घालायचा हां. नाहीतर बाबा म्हणतील, मी नसलेला बघून मध्याने पहिल्याच दिवशी पळ काढला." मग उठता उठता म्हणाली, "दारात कुणीतरी असू दे." मी हो म्हटलं.

म्हणून कोट गजाकडे न्यायचा ठरला, चुणी काढायला. तुझ्याकडे घ्यायला गेलो तर वहिनींनी दोन्ही कव्हरं बाहेर आणून ठेवली. "दोन्ही न्या भावोजी. कोणता कुणाचा ते मला कळत नाही. माप एकच, कापड एकच." मग त्यांनी एकाच्या बाहीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तसे दोन्ही त्यांचेच की." बोलून झाल्यावर त्या आत गेल्या आणि बराच वेळ नळ सुरू होता.

गजाने दोन्ही कोट टेबलावर पालथे घातले. त्याला कोट बघून एवढा आनंद झाला की काय सांगू. बाहीची काजं बघितली, कॉलर उलटून टाके बघितले, "काय हात हाय, काका, काय हात हाय" म्हणत राहिला. मग खांदे चिमटीत धरून बघितले. डावा, उजवा, पुन्हा डावा.

"उजवीकडं पॅड जाड हाय. दोन्ही कोटांना. हे मुद्दाम केलंय. ज्याचं माप घेतलंय त्याचा उजवा खांदा चांगलाच उतरलेला असणार. वरून भरून काढलाय, म्हणून कोट सरळ दिसतो. उतरलेला म्हणजे असा," त्याने हाताने दाखवलं, "जन्मभर त्या खांद्यावरून ओझं वाहिलं की होतो तसा. सुरेशकाका काय काम करायचे हो?"

मी सांगितलं, एसीचं. गजा म्हणाला, "असं होय," आणि टेपची गुंडाळी करायला लागला.

मी दुकानाबाहेर पायरीवर बसलो. मास्टरजींचं अर्धं राहिलेलं वाक्य मला तिथे ऐकू आलं. पाणसळ पेटीत का गेली तेही कळलं. तो केरळचा माणूस काही वाढवून सांगत नव्हता. तू आम्हाला कापडं दाखवत बसलास, तपकिरी, चौकडीचं, आणि खांदा झाकून ठेवलास. माप एकच आहे असं तू म्हणत होतास. तू मस्कतला निघालास तेव्हा ते एकच होतं, सुऱ्या. मधली सगळी वर्षं तुझ्या उजव्या खांद्यावर बसली, आणि तू सुट्टीवर येऊन आम्हाला गार हवेच्या गोष्टी सांगत राहिलास. मला तुझा राग यायला हवा होता. पण त्या पायरीवर बसून मला फक्त तुझा अभिमान वाटला, आणि तुला ते सांगावंसं फार वाटलं. आता सांगतो. ऐकू येत असेल तर ऐक, आणि नेहमीसारखं चहाचं विचारू नकोस.

तर प्रश्न असा आहे. गजा म्हणतो, जाड पॅड काढून डावीकडच्याएवढा घातला की झालं, थोडं काम आहे. चुणी जाईल, कोट माझ्या मापाचा होईल. तूच म्हणायचास, चांगल्या कोटाला चुणी शोभत नाही. मानसीच्या रिसेप्शनला गुहागरची माणसं येणार, जयगडहून तुझे मित्र येणार, फोटो निघणार. शुभा म्हणते, ह्यात एवढा विचार कसला, काढून टाका. तिचंही बरोबरच आहे. काल रात्रीपर्यंत मीही काढायच्याच बाजूने होतो.

पण पॅड काढला की भांडण संपलं. माझा खांदा सरळ, तुझा उतरलेला, गजाच्या साक्षीने मी जिंकलो. आणि हे जिंकून मी सांगायला कुणाकडे जाऊ? शिवाय तुझा खांदा झाकायला मास्टरजींनी एवढी मेहनत घेतली, तू ती गोष्ट बायकोपासून, मुलीपासून, माझ्यापासून लपवलीस. तुला त्या दारात माझ्यासारखं सरळ उभं राहायचं होतं. मी ती गोष्ट कशाला उघडी पाडू? गजालाही बजावलंय, "हे तुझ्या-माझ्यातच राहू दे." वहिनींना मी एवढंच म्हटलं की तुमच्या ओट्याजवळच्या आरशात माझा खांदा वाकडाच दिसतो. त्या म्हणाल्या, "हे म्हणतच होते." आणि तुझं खरं झालं ह्याचा त्यांना एवढा आनंद झाला की मला आता मागे फिरताही येणार नाही.

म्हणजे बघ, लिहिता लिहिता ठरलंच. उद्या गजाला सांगतो, उसवू नकोस, फक्त इस्त्री कर. तुझा कोट वहिनींच्या कपाटात परत ठेवलाय, कव्हरसकट, डांबरगोळ्या घालून. लोकरीला बुरशी येईल ह्यावर त्या अजून ठाम आहेत.

रिसेप्शनला हॉलच्या दारात मी उभा राहीन. हात मागे बांधून, पोट पुढे काढून, तू मस्कतच्या त्या दुकानात उभा होतास अगदी तसा. उजवा खांदा वर, कॉलरखाली चुणी. येणारे जाणारे म्हणतील, माधवरावांचा खांदा जरा वाकडा दिसतो नाही? मी म्हणेन, हो, जन्मापासूनच. आमच्या सुरेशच्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

मानसीची काळजी करू नकोस. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे, दोघांनी जायची गरज नसते. इतकी वर्षं सवड काढून तू जात आलास, मस्कतलासुद्धा दोघांच्या वतीने तूच उभा राहिलास. ह्या खेपेला सवड मला आहे. मी जाऊन येतो.